फेरियरचा आवाज ऐकायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सोळा वर्षं ख्याल शिकते आहे, काळी चारमध्ये गाते. लंडनला राहणाऱ्या मुलीने कॅथलीन फेरियर या इंग्लिश गायिकेच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा सीडी संच पाठवला. संपूर्ण संच दोनदा ऐकला. आवाज पुरुषी वाटला, खरखर सोसवत नाही, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी गेलेल्या घरात बसल्यासारखं वाटतं. यात ऐकायचं काय, आणि सुरुवात कुठून करायची?"

ताई, आधी सांगतो, मी गवई नाही. एकतीस वर्षं पुण्यात जुन्या तबकड्या धुऊन, वाजवून संगणकावर उतरवून देण्याचं काम करतो. बहुतेक काम आपल्याच संगीताचं: नाट्यगीतं, ख्यालाच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, मधूनच एखादं कीर्तन. फेरियर मला कामातून भेटली नाही. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका नाटकाच्या पदासाठी तबकड्यांचा अख्खा गठ्ठा घ्यावा लागला, त्यात तळाशी तिची डेक्का कंपनीची एक तबकडी होती. पद फुटकं निघालं. फेरियर अजून आहे. तेव्हा हे उत्तर तबकडीवाल्याचं समजा.

पुरुषी आवाजापासून सुरू करू, कारण तिथे तुमचा कान तुम्हाला फसवतो आहे आणि ते पेटीवर पडताळता येतं. पेटी काढा आणि तुमचा सा, काळी चार, दाबा. फेरियरच्या नेहमीच्या गाण्यांमध्ये तिचा आवाज खाली उतरतो तो साधारण त्याच्या शेजारच्या पांढरी पाचपर्यंत. म्हणजे तुमच्या मंद्र निषादाशी तिची जमीन लागते. तुम्ही तर रोजच्या आलापात मंद्र पंचमाला टेकून येत असाल. वर ती तुमच्या तार सप्तकातल्या धैवताच्या आसपास जाते. हिशेबाने पाहिलं तर अधिक खाली तुम्ही गाता, ती नाही. तरी पुरुषी वाटली ती.

म्हणजे प्रश्न पट्टीचा नाही, आवाजाच्या रंगाचा आहे. पाश्चात्त्य पद्धतीत कंठ खाली सैल सोडतात, घशाची पोकळी मोठी करतात आणि स्वर गोल करतात, कारण सत्तर-ऐंशी वाद्यांच्या पलीकडे, मायक्रोफोनशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असतो. आपला लगाव पुढचा, तानपुऱ्याला चिकटून राहणारा. फेरियरच्या बाबतीत तर निसर्गानेच पोकळी दिली होती. तिचे लंडनमधले गुरू रॉय हेंडरसन म्हणत, की हिच्या घशात मागच्या भिंतीपर्यंत चांगलं मोठं सफरचंद कुठेही न अडता फेकता येईल. ऐकताना हे सफरचंद डोक्यात ठेवा. तुम्हाला जे जाड वाटतं ते जाड नाही, रुंद आहे. आणि आवाजातलं ते सततचं बारीक कंपन? त्याला गमक किंवा आंदोलन समजून अर्थ शोधू नका. तो त्या गायकीचा श्वासच आहे. आठवडाभरात कान ते आपोआप गाळायला शिकतो.

खरं तर हा प्रश्न आपल्याला नवा नसावा. गंगूबाई हनगल १९१३च्या, फेरियर १९१२ची. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या, त्यांत आवाज बारीक, टोकदार आहे. मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो भरदार, लोक ज्याला मर्दानी म्हणत तो आवाज आला. आपण त्याची सवय करून घेतली, नंतर त्याच्यावर जीव लावला. तशीच सवय इथे करायची आहे.

रंग मान्य झाला की खरी ऐकायची गोष्ट पुढे येते, ती म्हणजे सांधा. प्रत्येक गळ्यात छातीचा आवाज संपून मधला सुरू होतो तिथे एक जोड असते. तुम्हालाही ठाऊक आहे, मंद्रातून मध्य सप्तकात चढताना गुरू कुठे कान टवकारतात ते. फेरियरच्या आधीच्या पिढीतली नामवंत इंग्लिश काँट्राल्टो, म्हणजे खालच्या पट्टीची गायिका, ती क्लारा बट. तिच्या तबकडीवर हा जोड लपतच नाही. खालचे सूर तोफेसारखे येतात आणि वर गेलं की जणू दुसरीच बाई गायला लागते. लोकांना ते आवडायचंही, त्याचा एक दरारा होता. फेरियरकडे तोफ नाही. तिच्याकडे जिना आहे आणि एकही पायरी वाजत नाही. हे कळायला मात्र वाद्यवृंद बाजूला हवा.

म्हणून सुरुवात ‘ब्लो द विंड सदर्ली’पासून करा. १९४९मधलं मुद्रण आहे, जेमतेम अडीच मिनिटांचं. इंग्लंडच्या ईशान्य टोकाचं, नॉर्थम्बरलंडकडचं लोकगीत: किनाऱ्यावर उभी असलेली बाई वाऱ्याला म्हणते, दक्षिणेकडून वाह आणि माझ्या माणसाचं गलबत घेऊन ये. साथ काहीच नाही. पियानो नाही, तंबोऱ्यासारखा आधारस्वर नाही. आपल्याला ओवीत हे ऐकायची सवय आहे, पण त्यांच्या मैफलीतल्या गायिकेने अशी उघडी तबकडी करणं म्हणजे धाडसच.

पहिल्या ओळीत ‘सदर्ली’ हा शब्द लागोपाठ तीनदा येतो. गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त हा शब्द ऐका: तीनही वेळा तो तेवढाच आहे, पण वजन सारखं नाही, झोका पुढे सरकत जातो. दुसऱ्यांदा ‘बॉनी ब्रीझ’ मधले दोन ‘ब’ ऐका. ओठ मिटून उघडण्याचा तो इवलासा क्षण तबकडीवर स्वच्छ उमटला आहे. ‘ब’ म्हणताना सूर तुटत नाही, ‘ब’ सुरातूनच उगवतो. तिसऱ्यांदा श्वास ऐका. कुठे घेतला, कुठे घ्यायला हवा होता पण घेतला नाही. शेवटचं आवर्तन तुम्हाला काहीही न सांगता आवडेल, त्याबद्दल मी बोलत नाही.

उच्चार इतके स्वच्छ का, याचं एक गमतीदार कारण तिच्या आयुष्यात आहे. लँकेशायरमध्ये हायर वॉल्टन नावाच्या गावी जन्म, वडील शाळेत मुख्याध्यापक, वाढली ब्लॅकबर्नला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली. दिवसभर तारेच्या पलीकडच्या अनोळखी माणसाला आपला शब्द कळला पाहिजे, ही तालीम कुठल्या संगीत विद्यालयात मिळते? १९३५मध्ये टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या घड्याळासाठी आवाज निवडायचा होता. तिथे तिने नशीब अजमावलं आणि नापास झाली! तोवर ती पियानो वाजवणारी म्हणूनच ओळखली जात होती. १९३७च्या कार्लाइल महोत्सवात पियानोच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. गाण्यातही उतरून दाखव, एक शिलिंगची पैज, असं नवरा म्हणाला. दोन्ही बक्षिसं घरी आली. तेव्हा ती पंचविशीच्या उंबरठ्यावर होती. आपल्याकडे त्या वयात लोक म्हणतात, आता काय गाणं शिकणार.

लंडनला ती गेली १९४२च्या अखेरीस, भर युद्धात. वारली १९५३मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे संचात जे काही आहे ते दहा वर्षांतलं.

आता त्या ‘गेलेल्या घरा’बद्दल. हा दोष मी सीडीसोबतच्या पुस्तिकांना देतो. पहिल्या परिच्छेदात कर्करोग, दुसऱ्यात लंडनचं कोव्हेंट गार्डन नाट्यगृह: फेब्रुवारी १९५३, ग्लुकच्या ‘ऑर्फिअस’ या संगीतिकेचा दुसरा प्रयोग, उपचारांनी पोखरलेलं मांडीचं हाड रंगमंचावरच मोडलं आणि तिने तसंच उभं राहून प्रयोग पुरा केला. गोष्ट खरी आहे आणि विलक्षणही आहे. पण ती एकदा वाचली की माणूस पुढची प्रत्येक ओळ तिरडीच्या मागून चालत ऐकतो. माझंही दोन-तीन वर्षं तेच झालं होतं.

त्यातून मी तारखा लिहून सुटलो. रोगाचं निदान झालं मार्च १९५१मध्ये. ‘ब्लो द विंड’ १९४९चं. मालर या संगीतकाराची ‘किंडरटोटनलीडर’, म्हणजे मुलांच्या मृत्यूवरची गीतं, संचालक ब्रुनो वॉल्टर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर, ऑक्टोबर १९४९. ऐकणारे हमखास म्हणतात, ‘मरण जवळ आलेलं तिला कळलं होतं, म्हणून असं गायली.’ काही कळलं नव्हतं. ती धडधाकट, हसरी, भरपूर खाणारी, मित्रांना लिहिलेल्या पत्रांत स्वतःला ‘क्लेव्हर कॅफ’ म्हणवून घेणारी बाई होती. ती गीतं तशी लागली ती कामामुळे. जर्मन कवी रुकर्टने ही कवितांची चळत स्वतःची दोन मुलं गेल्यावर लिहिली. त्यातल्या पहिल्या गीतात बाप म्हणतो, रात्री जणू काही घडलंच नाही असा सूर्य आता लख्ख उगवेल. आधी ओबो, मग हॉर्न, दोन्ही अगदी उघडे, आणि मग तिचा आवाज, सपाट, अश्रू न गाळता. रडणारा गायक तिथे सोपा असतो. बातमी सांगितल्यासारखं गाणं अवघड.

आणि तुमच्या संचात ‘किटी माय लव्ह’ असेल तर तेही लावा, पियानोबरोबरचं. लग्नाची मागणी घालणारं खट्याळ आयरिश गाणं. ते निदानानंतरचं आहे, आणि ऐकून कुणाला आजाराची शंका येईल तर मी तबकड्या विकणं... विकत नाहीच मी, पण उतरवणं सोडीन. एडिंबरा महोत्सवाबद्दल तिने केलेलं एक छोटं भाषणही निघालेलं आहे. तिचा बोलण्याचा आवाज ऐकला की त्या मरणाची सावली निम्मी होते.

खरखरीकडे येतो, हा माझा प्रांत. सगळी खरखर एका जातीची नसते. काही तबकडीच्या मालाची असते, काही वापराची, काही चुकीच्या सुईची. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची खाच रुंद, तिला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते. एलपीची एक हजारांश इंचाची सुई त्यात घातली तर ती तळाशी घरंगळते आणि नुसता कचरा वाचते. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर दाबून आणि वरचे उचलून कापतात, वाजवताना उलट करून घ्यायचं. आज सगळीकडे एकच प्रमाण आहे, पण ते १९५०च्या दशकाच्या मध्याला रुळलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब. डेक्काचा तर वेगळाच थाट: युद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखायला शिकवण्यासाठी त्यांच्या अभियंत्यांनी जे मुद्रणतंत्र विकसित केलं, त्यातूनच त्यांच्या त्या प्रसिद्ध पूर्ण पल्ल्याच्या तबकड्या निघाल्या. फेरियर १९४६मध्ये डेक्काकडे आली. म्हणजे तिचा आवाज पाणबुड्या ऐकणाऱ्या यंत्रणेत पकडला गेला आहे, असं मी पोरांना सांगतो. चुकीच्या हिशेबाने उतरवली तर हीच तबकडी पोकळ किंवा किनरी वाटते, आणि दोष बाईंच्या माथी जातो.

वेगाची गोष्ट त्याहून वाईट. ७८ची तबकडी नेमकी ७८नेच फिरत होती असं नाही. वेग साधारण सहा टक्क्यांनी कमी झाला की सूर अख्खा अर्धा स्वर खाली येतो, आणि सुरासोबत आवाजाचा रंगही. बारीक आवाजाच्या गायिकेचं फार बिघडत नाही. काँट्राल्टो मात्र सरळ बाप्या होते. पियानो किंवा वाद्यवृंद असला तर चूक पकडता येते. ‘ब्लो द विंड’मध्ये साथच नाही, त्यामुळे साक्षीदार कुणी नाही. म्हणून त्या गाण्याच्या दोन वेगळ्या प्रती मिळाल्या तर दोन्ही पेटीवर ताडून बघा. फरक सापडला तर वरची प्रत बहुधा खरी, पण हा माझा कानाचा अंदाज आहे, नियम नव्हे.

खरखर पूर्ण काढलेल्या प्रतीला भुलू नका. सुरुवातीच्या काळात मी एकदा हाच शहाणपणा केला. नवीन सॉफ्टवेअर होतं, हौस होती. फेरियरची एक बाजू इतकी घासूनपुसून काढली की पार्श्वभूमी मखमलीसारखी झाली. दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी मूळ तबकडी पुन्हा लावली आणि लक्षात आलं, ओळ सुरू व्हायच्या आधीचा तिचा श्वासच मी पुसून टाकला आहे. श्वास आणि खरखर यंत्राला सारखेच दिसतात. ‘स’ आणि ‘श’चेही टोक गेलं होतं. ती फाइल मी ठेवून दिली आहे, नवीन मुलं कामाला आली की आधी तीच ऐकवतो. तेव्हा थोडी खरखर राहू द्या. पावसात पत्र्याखाली बसून गप्पा मारताना पाच मिनिटांनी पाऊस ऐकू येईनासा होतो, तसं होतं. आवाज मात्र खोलीत माणूस बसून गातो आहे इतकाच मोठा ठेवा. हेडफोनपेक्षा स्पीकर बरा. हेडफोनमध्ये खरखर कानाच्या आत शिरते.

एक सापळा सांगून ठेवतो. ७ आणि ८ ऑक्टोबर १९५२ला तिने लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये बाख आणि हँडेलच्या आठ एकलगीतांचं मुद्रण केलं, एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली. त्यानंतर बरोबर वर्षाने, ८ ऑक्टोबरला, ती गेली. मग स्टिरिओ आलं, आणि मोनो तबकड्या लोकांना जुन्या वाटायला लागल्या. १९६०मध्ये त्याच बोल्ट यांनी तोच लंडन फिलहार्मोनिक पुन्हा बसवला, तिचा मुद्रित आवाज ऐकत ऐकत वाद्यवृंद नव्याने वाजवला आणि तो स्टिरिओत तिच्या आवाजाभोवती लपेटला. बाईंना जाऊन सात वर्षं झाली होती! काम सफाईचं आहे, मी टोपी काढतो. पण ऐकायला ते घेऊ नका. मूळ मुद्रणात गायिका वाद्यवृंदाला ओढते, वाद्यवृंद तिच्यासाठी थांबतो. नव्यात एक बाजू कायमची ठरलेली आणि दुसरी तिच्या मागे धावणारी. तबलजीने रेकॉर्डवर ठेका धरावा तसं. मुखपृष्ठ जवळपास तेच असतं, म्हणून ‘मोनो’ हा शब्द शोधा. मूळ प्रतीत बाखच्या सेंट जॉन पॅशनमधलं ‘ऑल इज फुलफिल्ड’ लावा. व्हिओला दा गांबा हे गजाचं जुनं वाद्य जी उतरती ओळ वाजवतं तीच तिचा आवाज उचलतो. सारंगी आणि गाणं यांच्या नात्यावर वाढलेल्या कानाला तिथे समजावून सांगावं लागत नाही.

ऑर्फिअसबद्दल थोडं. ग्लुकने ही नायकाची भूमिका १७६२मध्ये व्हिएन्नात खच्चीकरण केलेल्या पुरुष गायकासाठी लिहिली. ती प्रथा संपल्यावर भूमिका काँट्राल्टो बायकांकडे आली. बालगंधर्वांचं भामिनी होणं पोटात घातलेल्या लोकांनी बाईच्या ऑर्फिअसला नाक मुरडू नये. प्रिया कायमची हरवल्यावरचं त्याचं गाणं, तिने १९४६मध्ये इंग्रजीत ‘व्हॉट इज लाइफ’ म्हणून मुद्रित केलं, आणि इंग्लंडमध्ये ते घरोघरी वाजलं. गंमत म्हणजे हा विलाप शुद्ध स्वरांत आहे, आपल्या बिलावलच्या थाटात. कोमल गंधार, कोमल धैवत म्हणजेच करुण असं धरून बसलेल्यांना हे गाणं जरूर ऐकवा. १९५१च्या ॲमस्टरडॅममधल्या प्रयोगाचंही मुद्रण आहे, इटालियनमध्ये. ते ध्वनीच्या दृष्टीने गरीब, पण रंगमंचावर ती किती मोकळी होती ते त्यातच कळतं.

सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही. वेगवान लय हा तिचा प्रांत नव्हता. अगदी वरच्या सुरांवर ताण कळतो. त्या काळातलं इंग्लिश बाख आजच्या कानाला जड आणि संथ वाटतं, आणि त्यावर इंग्रजी भाषांतर म्हणजे आपली बंदिश दुसऱ्याच भाषेत बसवल्यासारखं. मालरच्या ‘दास लीड फॉन डेअर एर्ड’, म्हणजे ‘पृथ्वीचं गीत’, यातल्या चौथ्या गाण्यात घोडेस्वार येतात तिथे शब्द तिच्या तोंडात मावत नाहीत, चक्क धाप लागते. (तिथे भल्याभल्यांची लागते.)

पण त्याच कृतीसाठी तुमचा एक संपूर्ण संध्याकाळचा वेळ मागतो. मालरने ती १९०८-०९मध्ये लिहिली, चिनी कवितांच्या जर्मन रूपांवर, आणि स्वतः कधी ऐकली नाही. तो गेल्यावर १९११च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकला पहिल्यांदा वाजली, ब्रुनो वॉल्टर या त्याच्या शिष्याच्या हातून. पुढे नाझींच्या काळात व्हिएन्नात मालर बंद, कारण ज्यू. वॉल्टरही त्याच कारणाने परागंदा. युद्धानंतर, १९४७मध्ये, पहिल्या एडिंबरा महोत्सवात वॉल्टर व्हिएन्नाच्या वादकांना परत भेटले आणि ही कृती उभी केली, तेव्हा खालच्या आवाजाची गीतं फेरियरकडे होती. शेवटच्या शब्दाला तिला रडू फुटलं, तो शब्द तिला पूर्ण गाता आला नाही. नंतर ती माफी मागायला गेली, आपण कच्च्या निघालो म्हणून. वॉल्टरनी उलट तिलाच मानाचं स्थान दिलं. आयुष्यात लाभलेल्या सर्वांत मोठ्या गोष्टी म्हणून ते फेरियर आणि मालर यांची नावं घेत, आणि तीही याच क्रमाने.

१९४८च्या जानेवारीतलं न्यूयॉर्कचं प्रक्षेपणही उपलब्ध आहे, त्यात आवाज अधिक ताजा आहे. पण ऐकायचं ते मे १९५२चं, व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधलं, डेक्काचं. टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, युलिउस पात्साक. आणि त्यातलं शेवटचं गीत, ‘डेअर अब्शीड’, निरोप. जवळजवळ अर्ध्या तासाचं, म्हणजे एका विलंबित ख्यालाएवढं. तुम्हाला लांबीची भीती नाही.

सुरुवातीला घंटेसारखा एक खोल ठोका, खाली खर्ज धरून बसलेली तंतुवाद्यं. मग एक बासरी आणि ती. एवढंच. मालरने इथे गायिकेला सूचना लिहिली आहे: गोष्ट सांगितल्यासारखं, भावनाविरहित. हे फेरियर अक्षरशः पाळते. सूर्य डोंगराआड जातो आहे, खोऱ्यात संध्याकाळ उतरते आहे, बस्स. रडणं तिने एडिंबऱ्यात करून झालं होतं. इथे ती शहाणी होऊन आली आहे. बासरी भटकते, ती भटकत नाही. तिने तुम्हाला खेचावं अशी वाट बघू नका, पहिली दहा मिनिटं ती खेचणार नाही.

आणि शेवट. ‘एव्हिश’, म्हणजे सदैव. हा एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणते. सूर कुठले ते तुमच्या भाषेत सांगतो: तिथे मालरचा सा आहे पांढरी एक. तेव्हा पेटीवर तो धरून ठेवा. ‘एव्हिश’ म्हणजे ग आणि रे. ग, रे. थांबणं. पुन्हा ग, रे. वाद्यवृंद खाली सा, ग, प धरून आहे, त्यात एक ध सोडलेला आहे, सेलेस्टा आणि मँडोलिनचे थेंब पडत आहेत. प्रत्येक वेळी तुमचा कान म्हणेल, आता सा. सोळा वर्षं तुमचा कान हेच शिकला आहे, कुठेही गेलं तरी घरी येणं. ती येत नाही. रे वर राहते, आवाज कमी कमी करत नेते, आणि तो कधी संपला ते नेमकं सांगता येत नाही. मी अनेकदा संगणकावर त्याची लहर मोठी करून पाहिली आहे, रेघ सपाट कुठे झाली ते शोधत. बोट ठेवता येत नाही.

एकच खबरदारी घ्या. या मुद्रणाच्या बहुतेक सीडींवर ‘अब्शीड’च्या पाठोपाठ मालरचीच तीन रुकर्ट गीतं जोडलेली आहेत, त्याच सत्रातली, आणि ती लगेच सुरू होतात. तेव्हा शेवटचे ग-रे सुरू झाले की रिमोट हातात घेऊन बसा.